पुनर्विक्रीचा फ्लॅट विकताना खरेदीदाराला काय सांगावे लागते : माझा अनुभव

ठाण्यातील आमचा जुना फ्लॅट विकायला काढला, तेव्हा एजंटांचा पहिला सल्ला मागच्या खोलीला नवा रंग देण्याचा होता. त्या खोलीच्या स्लॅबमध्ये दर पावसाळ्यात ओल उतरत असे, परंतु पीओपीच्या फॉल्स सीलिंगमुळे ती कोणाच्या नजरेस पडत नसे. घेणाऱ्याने पाहून घ्यावे, आपण होऊन कशाला सांगायचे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, म्हणून मी वकिलांकडे गेलो.

वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 55 समोर ठेवले. मालमत्तेतील किंवा विक्रेत्याच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो दडवणे हे त्याच कलमानुसार कपट ठरते. फुटलेली फरशी किंवा गंजलेली ग्रिल घर पाहायला येणाऱ्याला दिसते. फॉल्स सीलिंगच्या वरचा ओला स्लॅब दिसत नाही. रेरा या स्थावर संपदा कायद्यातील 5 वर्षांची बांधकामदोषांची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर असते, माझ्यासारख्या पुनर्विक्री करणाऱ्यावर नाही. त्यामुळे आमच्या व्यवहाराला हा जुनाच कायदा लागू होता.

मालकी हक्काचा मुद्दा अधिक वेळखाऊ ठरला. वडिलांच्या पश्चात सोसायटीने नामनिर्देशनाच्या आधारे फ्लॅट आईच्या नावे केला होता आणि भागपत्रावरही (शेअर सर्टिफिकेटवरही) तिचेच नाव होते. मात्र नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही, त्यामुळे बहिणीचा आणि माझा हिस्सा उघड करणे किंवा तो प्रश्न आधीच मिटवणे, हे दोनच मार्ग होते. आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवले आणि त्याची प्रत खरेदीदाराच्या वकिलांना दिली.

बंदिस्त केलेल्या बाल्कनीवर बराच खल झाला. बाल्कनी बंदिस्त आहे हे कोणालाही दिसते, पण तिला महानगरपालिकेची परवानगी नाही हे मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. खरेदीदाराने नकाशा पाहणे ही ‘सर्वसाधारण काळजी’ मानायची की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते लिहून टाकणे वकिलांना श्रेयस्कर वाटले, आणि मलाही.

संरचनात्मक लेखापरीक्षणानंतर सोसायटीने मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून वर्गणी घेण्याचा ठराव केला होता. ही बाब फ्लॅटमधील दोष म्हणता येईल का, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु खरेदीदाराने मालमत्तेविषयी विचारलेल्या संबंधित प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे हेही कलम 55 नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि त्यांनी तसा प्रश्न विचारला होता. म्हणून सभेच्या इतिवृत्ताची प्रत दिली. (हे कलम एकतर्फी नाही. विक्रेत्याच्या हितसंबंधाचे मूल्य वाढवणारी एखादी गोष्ट खरेदीदाराला ठाऊक असेल आणि विक्रेत्याला नसेल, तर ती सांगण्याचे कर्तव्य खरेदीदारावरही आहे. एजंटांना हे ऐकून नवल वाटले.)

साठेकरारात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द घातले की सगळे भागते, असेही सुचवण्यात आले. कलम 55 पक्षकारांना वेगळा करार करण्याची मुभा देते हे खरे. पण जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला या तीन शब्दांचे संरक्षण मिळेल, यावर विसंबण्यास वकील तयार नव्हते. त्याऐवजी त्यांनी ओल, बाल्कनी आणि वर्गणी यांचे स्वतंत्र परिशिष्ट करारास जोडले व त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या.

ओलीची माहिती मिळताच एका इच्छुकाने माघार घेतली. पुढच्याने स्वतःचा अभियंता आणून सीलिंगचा एक भाग उघडून पाहिला, वॉटरप्रूफिंगचा खर्च किमतीतून वजा करून घेतला आणि विसार दिला. खरेदीखत नोंदवून पूर्ण रक्कम मिळाल्यावर मूळ करारनामा, भागपत्र व हक्कसोडपत्र आम्ही त्यांच्या स्वाधीन केले, कारण मालकीची कागदपत्रे सोपवणे हेही याच कलमाने विक्रेत्यावर टाकलेले काम आहे.