बुद्धिबळात डाव सोडण्याची रीत

डाव सोडायचे ठरले की घड्याळ थांबवा, ‘रिझाइन’ असे ऐकू जाईल इतपत म्हणा आणि मगच हात पुढे करा. नुसता हात पुढे केलात तर समोरच्याला तो बरोबरीचा प्रस्ताव वाटू शकतो. हस्तांदोलन झाल्यावर एक म्हणतो जिंकलो, दुसरा म्हणतो ड्रॉ झाला, आणि साक्षीला कुणीच नसते. असा वाद सोडवणे आर्बिटरलाही (पंचालाही) जड जाते. राजा आडवा करण्यातही हीच अडचण आहे, कारण मोहरे धक्क्यानेही पडते. म्हणून तोंडाने सांगावे.

त्यानंतर दोन्ही स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदांवर) निकाल लिहायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. हरलेला खेळाडू इथे हमखास घाई करतो. मान खाली घालून सही करतो आणि निकाल उलटा लिहिला गेलाय हे पुढच्या फेरीची जोडी लागल्यावर कळते. सहीपूर्वी आकडा वाचा. पट डिजिटल, म्हणजे चाली आपोआप नोंदवणारा असेल तर राजे मधोमध ठेवतात: पांढरा जिंकला तर ई४ आणि डी५ या पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर डी४ आणि ई५ या काळ्या घरांत.

सोडायचा केव्हा, हा खरा अवघड भाग. मात होईपर्यंत खेळणे हा तुमचा हक्क आहे, त्यात अपमान कुणाचाच नाही. नवशिक्या मुलांनी तर डाव सोडूच नये असे माझे ठाम मत आहे. एकटा राजा उरला तरी समोरचे मूल वजीर घेऊन स्टेलमेट (शह नाही, पण खेळायला चालही नाही, म्हणून बरोबरी) करून बसते, आणि अर्धा गुण मिळतो. मोठ्यांच्याही हातून घाई झाली आहे. 1902 साली माँटे कार्लोत गेओर्ग मार्कोने फोन पोपिएलविरुद्ध डाव सोडला, कारण त्याचा खिळलेला, म्हणजे हलला तर मागचे मोहरे उघडे पडेल असा उंट वाचत नव्हता. तोच उंट जी१ वर नेला असता तर एका चालीत एच२ वर मातेची धमकी आणि पांढऱ्याच्या वजिरावर हल्ला, दोन्ही झाले असते. जिंकलेला डाव त्याने देऊन टाकला! 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने जिथे हार मानली, तिथे सततच्या शहांनी बरोबरीची वाट होती, असे नंतरच्या विश्लेषणात दाखवले गेले.

पण चाली खेळत राहणे वेगळे आणि वेळ जाळणे वेगळे. एका चालीत मात दिसत असताना चाळीस मिनिटे पटाकडे बघत बसणे ही समोरच्याला दिलेली शिक्षा आहे. 1895 मध्ये हेस्टिंग्जला फोन बार्डेलेबेनने स्टाइनिट्झविरुद्ध याहून वाईट केले. हार न मानता तो सभागृहातून निघून गेला आणि घड्याळ संपू दिले. तो डाव आजही अप्रतिम संयोजनासाठी (एकमेकींत गुंफलेल्या चालींच्या साखळीसाठी) दाखवतात, आणि दर वेळी ही गोष्टही सांगतात. ऑनलाइन डावात खिडकी बंद करून निघून जाणारे अगदी हेच करतात. हरताना दर दोन चालींनी ड्रॉ मागणे तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांतच निषिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यात ते मोडते आणि आर्बिटर दंड करू शकतो.

माझा हिशेब असा: समोरच्याला प्रत्येक चालीला 30 सेकंद वाढीव मिळत असतील आणि जिंकण्याची रीत त्याला येते असे दिसत असेल, तर पटावर एखादा तरी सापळा उरलाय का ते पाहा. नसेल तर सोडा. वाढीव वेळ नसलेल्या ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावात) घड्याळ हाही डावाचाच भाग आहे, तिथे लढत राहण्यात गैर काही नाही.

12 डिसेंबर 2024 ला सिंगापुरात डिंग लिरेनने जगज्जेतेपदाच्या शेवटच्या, चौदाव्या डावात 55 वी चाल म्हणून हत्ती एफ२ वर नेला. मोहऱ्यांची अदलाबदल अटळ झाली आणि प्याद्यांचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) हरलेला होता. 58 चालींत डाव संपला. विजेतेपद एका चालीत गेले, तरी त्याने डाव सोडला आणि हात मिळवला. 1972 मध्ये रेक्याविकला सहाव्या डावानंतर स्पास्कीने फिशरसाठी टाळ्या वाजवल्या. तेवढे सगळ्यांना जमणार नाही, जमावे अशी अपेक्षाही नाही. 2025 च्या नॉर्वे चेसमध्ये गुकेशकडून हरल्यावर कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, मोहरी उडाली. तिथेच त्याने माफीही मागितली. राग येतो हे मान्य, पण शेजारच्या पटांवर लोक खेळत असतात.

डाव तपासायचा असेल तर आधी विचारा, आणि सभागृहाबाहेर जा. ‘मी जिंकत होतो’ने सुरुवात केलीत तर समोरचा दोन मिनिटांत उठेल. त्याऐवजी ‘इथे तुला कशाची भीती वाटत होती?’ असे विचारा, म्हणजे त्याने मोजलेल्या चाली ऐकायला मिळतील.

आणि स्विस स्पर्धेत, म्हणजे जिथे हरलेला बाद होत नाही आणि दर फेरीला नव्या जोड्या लागतात तिथे, दोन डाव हरलात म्हणून न सांगता घरी जाऊ नका. जोडी लागून जाते. पुढचा प्रतिस्पर्धी उशिराची मुदत संपेपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसतो, त्याला गुण मिळतो पण डाव रेटिंगसाठी धरला जात नाही. प्रवास करून, प्रवेश फी भरून आलेल्या मुलाचा एक डाव तुम्ही खाल्लेला असतो. जायचेच असेल तर पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्याआधी मुख्य आर्बिटरला भेटून नाव मागे घ्या. एका मिनिटाचे काम आहे.