वाइंडिंगच्या दुकानातली पेटी

अंबाजोगाईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गव्हाला पाणी चालू असताना मोटार जळाली की शेतकरी ती पिकअपमध्ये टाकून आणतो आणि दुकानातच ठाण मांडतो. "मिस्त्री, आजच पाहिजे." जुनी कॉइल कापायची, खाचा साफ करायच्या, पेपर घालायचा, नवी तार भरायची, वार्निश मारायचं, आज म्हटलं तरी संध्याकाळ होते. बाप चहाला जातो, तंबाखू मळतो, शेजारी बसलेल्या पाव्हण्याशी कापसाच्या भावावर बोलतो. बरोबर आलेल्या लेकराला मात्र काही काम नसतं. ते तारेच्या भंगारात हात घालतं, नाहीतर बापाच्या मोबाईलसाठी रडतं.

म्हणून मी पेटी ठेवली. लग्नात आलेली लोखंडी पेटी, घरी जागा अडवून बसली होती. तिच्यात साठेक पुस्तकं आहेत, सगळी रहस्याची आणि साहसाची. सुरुवातीला थोरामोठ्यांची चरित्रंही ठेवली होती. ती अजून कोरी करकरीत आहेत. आमचा हेल्पर पोरगा तर पेटीकडं ढुंकूनही बघत नाही. दहावीला दोनदा बसला, पुस्तक म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. "मामा, तुम्ही अन् तुमची पेटी" एवढंच म्हणतो.

आता ओळखीचे लोक विचारतात की आमचं पोरगं वाचत नाही, त्याला काय द्यावं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी एक जुनी गोष्ट. मी शाळेत असताना गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. झुंजार आणि काळा पहाड ही माझी दैवतं. पण आमच्याआधी ती पुस्तकं वाचलेल्या कुणा महाभागानं जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं, 'खुनी अमका आहे'. पहिल्यांदा मी रडलोच. मग दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून तसंच वाचायला लागलो, आणि एक गंमत कळली. खुनी माहीत असला की लेखक त्याला लपवतो कसा ते दिसायला लागतं. काही पुस्तकांत तो चांगला समोर बसलेला असतो, चहा पितो, आणि त्याच्याबद्दलची खूण सरळ लिहिलेली असते, आपलंच लक्ष नसतं. काही पुस्तकांत मात्र खूणच नसते. शेवटच्या पानावर कुणीतरी टपकतो आणि म्हणतो, तो मी. ही दुसरी पुस्तकं मला तेव्हापासून फसवणूक वाटतात.

माझ्या धंद्यातही तेच आहे. शेतकरी सांगतो, "आपोआप जळाली बघा, काही केलं नाही." मी मोटार उघडतो. मोटारीला वीज तीन तारांतून येते, त्यांना फेज म्हणतात. तिन्हींच्या कॉइलींची एकेक टोकं एकत्र बांधलेली, म्हणजे स्टारमध्ये जोडलेली मोटार एक फेज गेल्यावर तशीच चालत राहिली, तर दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात आणि तिसरीच्या तशाच राहतात. म्हणजे एक फ्यूज उडालेला होता आणि मोटार आपोआप बंद पडू नये म्हणून स्टार्टरचं बटण काडी लावून दाबून ठेवलेलं होतं. माणूस काहीही सांगो, तार खरं सांगते. पोरांना मी हे दाखवतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात. ज्या पोराला हे बघायला आवडतं त्याला रहस्यकथा आवडतेच. फक्त पुस्तकात खुणा उघड्या ठेवलेल्या पाहिजेत, शोधायचं काम त्याच्या हातात दिलं पाहिजे. पेटीत पुस्तक घालताना मी एवढंच बघतो.

पाचवी-सहावीच्या लेकरांना पहिलं पुस्तक फास्टर फेणेचं. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, अंगानं काडी, सायकलवर सुसाट, आणि तोंडात 'टॉक्'. २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही आला, पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे. लेकरांना पुस्तकातला द्या. एक अडचण सांगून ठेवतो. पुण्याच्या पेठा, चौक, तिथलं बोलणं आपल्या लेकरांना परकं वाटतं. एका पोरानं मला विचारलं, "मामा, गुन्हे समदे पुण्यातच होतात का?" मी म्हटलं, अरे, फेणे पण खेड्यातूनच गेलाय, तुझ्या ताईसारखा होस्टेलवर राहतोय. मग त्यानं एका दुपारी अर्धं पुस्तक संपवलं.

सातवीच्या पुढं माझं हुकमाचं पान म्हणजे फेलूदा. सत्यजित राय हे सिनेमावाले म्हणून आपल्याला माहीत, पण त्यांनी १९६५ पासून बंगालीत मुलांसाठी फेलूदाच्या गोष्टी लिहिल्या. मराठीत अशोक जैन यांनी त्या आणल्या, रोहन प्रकाशनानं काढल्या, भाषा अगदी सरळ. फेलूदा हुशार गुप्तहेर, त्याचा चुलत भाऊ तोपशे गोष्ट सांगतो, आणि बरोबर जटायू नावाचा एक रहस्यकथा-लेखक असतो, जो आपल्या पुस्तकांत धडधडीत चुका करतो आणि फेलूदा त्या काढतो. त्या जटायूमुळं पोरं हसतात, आणि लेखकाचीही चूक काढता येते हे त्यांना कळतं. ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडं छापलेलं म्हणजे खरंच, असं समजतात.

त्यातली एक गोष्ट आपल्या वेरूळची आहे. भुवनेश्वरच्या एका देवळातल्या यक्षीचं शिर चोरीला जातं, मूर्ती परदेशात विकणारी टोळी असते, आणि माग काढत काढत फेलूदा पोचतो तो थेट कैलास लेण्यात. जुन्या मूर्ती देशाबाहेर नेण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडं १९७२ साली झाला आणि रायनी ही गोष्ट त्याच सुमारास लिहिली, म्हणजे विषय तेव्हा ताजा होता. आपल्या भागातल्या बहुतेक शाळांची सहल वेरूळला जाऊन आलेली असते. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते सोळा नंबरचं लेणं लेकरांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. लोखंडी सावरगावकडची एक आठवीतली पोरगी बापाबरोबर मोनोब्लॉक पंप घेऊन आली होती. तिला हे पुस्तक दिलं. तासाभरानं मान वर करून म्हणाली, "मामा, तिथल्या हत्तीची सोंड तुटलेली हाय. मी त्याच्यापाशी उभी राहून डबा खाल्ला होता." त्या पोरीचं पुढं आणखी येणार आहे.

शेरलॉक होम्सचे मराठी अनुवाद पुष्कळ आहेत, कोणतेही घ्या, फक्त फार कापलेले नकोत. कापताना खुणाच आधी कापल्या जातात. होम्सच्या बाबतीत मला एक शोध लागलाय. खेड्यातलं लेकरू काही गोष्टींत होम्सच्या पुढं असतं. एका गोष्टीत सगळं प्रकरण कुत्रं भुंकलं नाही यावर अडतं. कोणती गोष्ट ते सांगणार नाही. वस्तीवरच्या एका पोरानं तिथंच पुस्तक मिटलं. "घरचा माणूस हाय मामा. आमचं कुत्रं पाव्हण्याला भुंकतंय, दादाला कशाला भुंकंल?" दुसऱ्या एका गाजलेल्या गोष्टीत साप शिट्टी ऐकून येतो आणि बशीतलं दूध पितो. त्यावर एकजण चिडून म्हणाला, "ह्या लेखकानं साप बघितलेलाच नाही. आमच्या शाळेत सर्पमित्र आले होते, साप दूध पीत नसतो." मी त्याला त्या दिवशी भजी खाऊ घातली.

ट्रेझर आयलंड द्यावं की नाही यावर माझं आणि बायकोचं एकमत नाही. १८८३ चं पुस्तक. स्टीव्हन्सननं सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता आधी बेटाचा नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली, ही हकीकत सांगितली की लेकरं लगेच वहीच्या मागच्या पानावर नकाशे काढायला लागतात. आमच्या अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांचा नकाशा तर मी तीन वेळा बघितला, तिन्ही वेळा खजिना वेगळ्या हत्तीखाली. पण डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर हे सगळं आपल्या लेकरांना कोडं असतं. नांगर म्हटलं की त्यांना शेत दिसतं. समुद्र केवढा, तर माजलगावच्या धरणाएवढा का, असं विचारतात. बायको म्हणते, उगीच कशाला डोक्याला ताप. मी म्हणतो, त्यातल्या लंगड्या चाच्यासाठी, सिल्व्हरसाठी द्यायचंच. तो चांगला की वाईट हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही, आणि असा माणूस लेकरांच्या पुस्तकात क्वचित भेटतो.

ज्यूल व्हर्न भागवतांनीच मराठीत आणला, तोही ठेवा. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायला निघालेला माणूस भारतात येतो, पेपरात रेल्वे पूर्ण झाल्याचं छापलेलं असतं आणि मध्येच रूळ संपतात. मग तो हत्ती विकत घेतो. एका पोरानं हे मोठ्यानं वाचलं तेव्हा दुकानात बसलेले एक म्हातारे तात्या म्हणाले, "आपल्या बीडच्या रखडलेल्या रेल्वेवरच लिहिलंय की रे हे!"

२०२० च्या हिवाळ्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा सगळी लेकरं शिकारी जिम कॉर्बेटचं पुस्तक मागायला लागली. रुद्रप्रयागच्या बिबट्याची गोष्ट आहे त्याची. सरकारी आकड्यानं सव्वाशे माणसं मेली, आठ वर्षं चाललं, शेवटी १९२६ च्या मे महिन्यात कॉर्बेटनं त्याला मारलं. खरी घडलेली गोष्ट, आणि माग काढणं म्हणजे काय ते यातून जेवढं कळतं तेवढं कोणत्याही गुप्तहेराकडून कळत नाही. पण चौथीच्या लेकराला देऊ नका. मी एकदा दिलं आणि त्याच्या आईनं मला दुकानात येऊन झापलं. पोरगं रात्री अंगणात जायला तयार नव्हतं. भुताखेताची पुस्तकं मी त्याच कारणानं पेटीत ठेवत नाही. मला स्वतःला आवडतात, ती घरी आहेत.

ज्यांना पुस्तक विकत घेणं जड जातं त्यांच्यासाठी: बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. त्यांत साहसकथा शोधून काढायच्या.

आणि एक तक्रार. आपल्या मातीतली रहस्यकथा लेकरांसाठी कुणी लिहीत का नाही? दौलताबादच्या किल्ल्यात शत्रूला चकवायची अंधारी, म्हणजे काळोखी वाट आहे. नळदुर्गला पाण्याच्या पडद्याआड महाल आहे. बीडची खजाना विहीर तर नावापासूनच गोष्ट आहे. निजामशाहीच्या काळातली, दुष्काळातही आटत नाही म्हणतात, आत भुयारं, पाणी कुठून येतं नि जमिनीखालून कुठं जातं ते बघत बसावं. आणि आमची पोरं लंडनच्या धुक्यात चोर शोधत बसतात.

आता त्या पोरीचं. गेल्या दिवाळीनंतर पेटीतल्या पुस्तकांवर माझ्या लहानपणीचंच संकट आलं. पहिल्या पानावर तांबड्या स्केचपेननं, 'चोर अमका आहे'. एक, दोन करत नऊ पुस्तकं. मी वैतागलो. पण एक पोरगं वाचून आलं आणि म्हणालं, मामा, हे खोटं आहे, चोर दुसराच निघाला. तपासलं, तर नऊच्या नऊ खोटी. तांबडं स्केचपेन माझ्याच टेबलावरचं, फेजच्या वायरींना खुणा करायचं. पण टेबलाशी दिवसाला वीस माणसं येतात.

ती पोरगी पुस्तक बदलायला आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती नऊ पुस्तकं मांडून बसली, नाकाशी धरून वास घेतला. मग म्हणाली, "मामा, ठोकून द्यायचं म्हणलं तर नवात एक तरी नाव चुकून खरं निघालं असतं. नवाच्या नव खोटी लिहायला खरा चोर माहिती पाहिजे. म्हणजे ज्यानं लिहिलंय त्यानं नऊ पुस्तकं शेवटपर्यंत वाचलीत." आणि तिनं एका पानाचा कोपरा माझ्यापुढं धरला. पिवळसर, चिकट अंगठा. वार्निशचा.

मी मागं वळून बघितलं. हेल्पर पोरगा खाली मान घालून खाचेत पेपर सरकवत होता. कान लाल.

"दुपारी तुम्ही जेवायला जाता तवा वाचतो," म्हणाला. मग जरा वेळानं, तार ओढता ओढताच, "मामा, फेलूदाची बाकीची कधी आणणार?"