हबला चिकटलेली ब्रेक डिस्क घरी काढताना

ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड दाबून थांबवली जाणारी चकती, बदलण्याच्या कामात पाना फिरवण्याचा भाग तसा थोडकाच असतो. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुटतो, पॅड निघतात आणि मग, माहितीपुस्तिकेनुसार नुसती ओढून काढायची ती डिस्क हबला (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला) अशी धरून बसलेली आढळते, की दोन्ही एकाच साच्यातून ओतले असावेत असे वाटावे. कारण साधे आहे. डिस्क बिडाची असते, हब पोलादाचा असतो आणि डिस्कच्या मधल्या छिद्रात हबचा उंचवटा अगदी नेमका बसतो. त्या बारीक फटीत पाणी शिरून गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे तो फट भरून काढत दोन्ही भाग एकमेकांना आवळून टाकतो.

या कामात मी एकच गोष्ट धरून चालतो: डिस्क भंगारात जाणार आहे, पण हब, त्यामागचे बेअरिंग आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर गाडीतच राहणार आहेत. त्यामुळे कोणताही उपाय करण्याआधी त्याचा जोर शेवटी कोणावर पडतो, हे पाहावे लागते.

गाडी सपाट, टणक जमिनीवर असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावेत आणि वजन जॅकवर नव्हे तर स्टँडवर द्यावे. या कामात गाडीला हिसके बसतात, म्हणून इथे सवलत नाही. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. पॅडची काळी भुकटी फुंकून किंवा हवा मारून उडवू नये, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी.

यानंतर हातोडा उचलण्यापूर्वी डिस्क खरोखर गंजानेच अडली आहे का, हे तपासावे. अनेक गाड्यांमध्ये डिस्क जागेवर राहावी म्हणून एक-दोन छोटे स्क्रू असतात आणि गंजाच्या थराखाली ते दिसतही नाहीत. साध्या पेचकसाने जोर लावला तर त्यांची खाच झिजते. त्याऐवजी हातोड्याचा ठोका मारल्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला तर बहुतेक स्क्रू सुटतात, आणि नाहीच सुटले तर डोके ड्रिलने उडवून देता येते, कारण चाकाचे नट आवळल्यावर डिस्क धरून ठेवण्याचे खरे काम तेच करतात. मागच्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. काही गाड्यांत हँडब्रेकचे शू (आतून दाबणाऱ्या घर्षणपट्ट्या) डिस्कच्या आतल्या पोकळीत असतात आणि झिजेमुळे तिथे तयार झालेल्या काठावर ते अडकतात. अशा वेळी हँडब्रेक पूर्ण सोडून, रबरी बूच काढलेल्या छिद्रातून आतले दातेरी चक्र पेचकसाने फिरवून शू आत घ्यावे लागतात. नुसता हातोडा मारत राहिल्यास शू आणि त्यांच्या स्प्रिंगा मोडतात. जुन्या रचनेच्या काही गाड्यांमध्ये तर डिस्क हबच्या मागच्या बाजूने बसवलेली असते आणि हब काढल्याशिवाय ती निघतच नाही. तिथे घरच्या कामाचा विचार सोडून देणे बरे.

अडवणूक गंजाचीच असल्याची खात्री पटली, की मधल्या उंचवट्याभोवती आणि चाकाच्या बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून त्याला वेळ द्यावा. अनेक डिस्कवर आट्यांची दोन छिद्रे मुद्दाम दिलेली असतात. त्यात बहुधा ८ मिलिमीटर व्यासाचे, १.२५ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) बोल्ट बसतात. दोन्ही बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळत गेले, की त्यांची टोके हबवर टेकतात आणि डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते. माझ्या मते हा सर्वांत सभ्य मार्ग आहे, कारण यात बेअरिंगला एकही धक्का बसत नाही. छिद्रे नसतील तर कॅलिपर ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या) रिकाम्या भोकातून लांब बोल्ट घालून, नटाच्या आधाराने त्याचे टोक डिस्कच्या मागच्या बाजूवर दाबता येते. थोडे दाबून डिस्क फिरवायची, पुन्हा दाबायचे.

हातोड्याची पाळी आलीच, तर चाकाचे दोन नट काही आटे फिरवून ठेवावेत, म्हणजे अचानक सुटलेली डिस्क पायावर पडणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण बिडाचे कपचे उडतात. आधी बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर ठोके मारून गंजाला तडे पाडावेत, मग डिस्क फिरवत मागून बाहेरच्या दिशेने मारावे. एकाच जागी वर्मी घाव घालण्यापेक्षा सर्व बाजूंनी मध्यम ठोके दिल्याने काम लवकर होते. आच देण्याचा उपाय मी टाळतो. डिस्क प्रसरण पावते हे खरे, पण बेअरिंगचे ग्रीस, रबरी सील आणि सेन्सर तिथून हाताच्या अंतरावर असतात. शिवाय क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागाला आच दिली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

डिस्क निघाली की लोक घाईने नवी बसवतात, आणि पुढच्या तक्रारींचे मूळ बहुधा या घाईतच असते. हबच्या सपाट पृष्ठभागावर राहिलेला गंजाचा कण डिस्कला तिरपी बसवतो आणि तो तिरपेपणा कडेला अधिक वाढलेला असतो. डिस्कच्या कडेजवळचे डोलणे साधारणपणे ०.०५ मिलिमीटरच्या आत असावे लागते. तेवढे ओलांडले तरी पेडल लगेच थरथरत नाही. डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला घासत राहतो, हजारो किलोमीटरनंतर डिस्कची जाडी असमान होते, आणि मग ‘नवी डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब धातू चमकेपर्यंत घासावा, बोल्टांच्या मुळाभोवतीचा भाग विशेष जपून. अँटी-सीझ (भाग चिकटू न देणारे वंगण) लावायचेच तर उंचवट्याच्या काठाला अगदी पातळ लावावे, घर्षणाच्या पृष्ठभागापासून आणि बोल्टांच्या आट्यांपासून दूर.

नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून तेल लावलेले असते; ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढावे. डिस्क एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना आणि नव्या पॅडसकट बदलाव्यात. पॅड दाबणारे कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची पातळी टाकीत वर येते, तिच्यावर लक्ष ठेवावे, कारण ते सांडले तर रंग खाते. मागचे पिस्टन काही गाड्यांत फिरवून आत न्यावे लागतात, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या स्थितीत) टाकावा लागतो. ब्रॅकेटचे बोल्ट आणि चाकाचे नट आपल्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच (नेमका ठरलेला जोर लावणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. नट असमान आवळले तर घासून साफ केलेल्या हबवरही डिस्क तिरपी ओढली जाते.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे, नाहीतर पहिल्या दाबाला ते थेट तळाला जाते. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, वेग कमी करण्याच्या आठ-दहा फेऱ्या कराव्यात आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावेत. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळावी. थोडे अंतर चालल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत.