डोक्यातला फुगा कधी फुटणार?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, याचं स्कॅनवरून संगणकावर गणित मांडायचं हे माझं काम. लग्नामुंजीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग डोक्यातला फुगा कधी फुटणार, ते कळतं का हो तुम्हाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही कळत.

फुगा म्हणजे अ‍ॅन्युरिझम, धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा. शंभरातल्या साधारण 3 प्रौढांना तो असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. ऑपरेशनलाही धोका असतोच. मग कुणाचं करायचं, हा डॉक्टरांपुढचा पेच.

लोकांना वाटतं, अवघड असतात ती समीकरणं. ती एकोणिसाव्या शतकातली, आणि सोडवणारं ओपनफोमसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रात्री गणित लावून घरी जायचं. खरी मारामारी त्याआधीची. सीटी अँजिओग्राफीत धमनीची भिंत दिसतच नाही, दिसतं ते औषध मिसळलेलं रक्त. कडेला नुसते करडे ठिपके, एकेक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा. धमनी जेमतेम 3 मिलिमीटरची. करडा ठिपका आत धरायचा की बाहेर? व्यास 0.3 मिलिमीटरने कमी धरला गेला, तर सरळ नळीत, दाब तोच असताना, प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो.

नवीन होतो तेव्हा एक मॉडेल घासूनपुसून इतकं गुळगुळीत केलं, की फुग्यावरचा बारीक फोडच गेला. चित्र देखणं झालं होतं. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, "हा दुसरा पेशंट का?" त्यांना काळजी होती ती त्या फोडाचीच.

शिवाय आत किती रक्त शिरतं, हे त्या पेशंटचं मोजलेलं क्वचितच असतं. मग निरोगी माणसांची सरासरी घ्यायची. फुगा एकाचा, रक्त भलत्याचंच!

भिंतीवरचं रक्ताचं घर्षण वाढलं की फुगा फुटतो, असं काही शोधनिबंध म्हणतात. काही म्हणतात, घटलं की. 2012 मध्ये डेव्हिड कालमेस या अमेरिकन डॉक्टरांनी आमच्या 'सीएफडी' (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे संगणकावरचं हे प्रवाहाचं गणित) या आद्याक्षरांचा अर्थ 'कन्फाउंडिंग फॅक्टर डिसेमिनेशन', म्हणजे 'गोंधळात टाकणाऱ्या घटकांचा प्रसार' असा तर नाही ना, असं खोचकपणे विचारलं होतं. झोंबलं, पण टोमणा अगदीच गैरलागू नव्हता.

"मग पगार कशाचा घेतोस?" असं मामांनी विचारलंच. तुलनेचा, मामा. त्याच मॉडेलमध्ये जाळीचा स्टेंट घालून आधीचा आणि नंतरचा प्रवाह पाहायचा. भिंत धरताना झालेली चूक दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे फुग्यातलं रक्त किती मंदावलं ते बऱ्यापैकी भरवशानं सांगता येतं.

आणि हो, स्कॅनच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवू नका. त्यात धमनी दिसते, ठिपके दिसत नाहीत.