पांढरी पडलेली पिढी

मागल्या जानेवारीत मी वाटाण्याची अर्धी ओळ स्वतःच्या हातानं उपटून बांधावर फेकली होती. परभणीजवळच्या आमच्या प्लॉटवर अर्केल हा वाटाण्याचा वाण आणि भुरीला, म्हणजे पानं पांढरी पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाला, दाद न देणारा दुसरा एक वाण, असा संकर मी केला होता. वाटाण्याचं फूल उमलायच्या आतच परागीभवन उरकून घेतं, त्यामुळे बंद कळी उकलून चिमट्यानं दहाही पुंकेसर काढायचे. मान मोडून यायची. एवढं करून आलेली पहिली पिढी सगळीच्या सगळी भुरीनं पांढरी. पानावरून बोट फिरवलं की पिठाच्या डब्यात घातल्यासारखं.

"अवो ताई, शेंगा भरल्यात की! कशाला उपटायलात?" प्लॉटवरचे मामा ओरडले. उरलेल्या झाडांचं बी त्यांनीच पिशवीत बांधून ठेवलं.

चूक माझीच, आणि तीही मेंडेलच्या पहिल्या धड्यातली. भुरी रोखणारा ईआर-१ हा जनुक अप्रभावी, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्यापुढे दबणारा आहे. दोन्ही आईबापांकडून आला तरच झाड वाचतं, आणि पहिल्या पिढीला तो एकाकडूनच मिळतो. गंमत म्हणजे हे काही जादा हत्यार नव्हे. झाडाचा एमएलओ नावाचा जनुक धड असला की बुरशी पेशीत शिरते. तो बिघडला, म्हणजेच त्याचा ईआर-१ झाला, की दारातच अडते. मोडकी कडीच कामाला येते म्हणायची!

यंदा पिशवीतलं बी पेरलं, ९० झाडं उगवली. रोगट पानं आणून त्यांच्यावर झटकली. पाऊस नव्हता, पण भुरीला पानावर पाणी लागतच नाही. कोरडे दिवस नि गार रात्री पुरतात.

मोजायच्या दिवशी मी वही धरली, मामा वाकून बघत पुढं.

"पांढरं. पांढरं. ह्ये बी पांढरं." मग थांबले. "ताई, ह्ये हिरवंच हाय."

मी वही टाकून गुडघ्यावर बसले. शेजारच्या झाडाचे ताणे त्याच्यात गुंतलेले, ते पिठानं माखलेले, आणि हे मात्र धुतल्यासारखं. पानं उलटून पाहिली, देठ पाहिले. काही नाही.

ओळी संपेपर्यंत अशी २४ निघाली. दुसऱ्या पिढीत दोन्हीकडून ईआर-१ मिळणारं झाड चारातलं एक, म्हणजे हिशेबानं साडेबावीस. प्रत्येकाला लाल दोरा बांधला, आणि एखादं नुसतंच नशिबानं सुटलेलं नको म्हणून पुन्हा रोगट पानं झटकली.

आठवड्यानं एकाच्या खालच्या पानावर पांढरा ठिपका दिसला. मामांनी त्याचा दोरा सोडला, गुंडाळून खिशात टाकला. वहीत २४ खोडून मी २३ केले.