राजदूत 350 : आधी सील, मग रंग

जुनी गाडी घेतली की पहिले पैसे रंगावर आणि क्रोमवर जातात. टाकी चकाकते, फोटो काढून होतात आणि थोड्याच दिवसांत गाडी परत कव्हरखाली जाते. अशा गाड्या मी ठाण्यात बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाहिल्या आहेत. मला गाडी चालवायची होती, म्हणून मी क्रम उलटा धरला: आधी इंजिनाची सीलं, मग ब्रेक, मग कागद. रंगाला अजून हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

यामाहाची आरडी 350 ही 1973 ची गाडी. दहा वर्षांनी, 1983 मध्ये, एस्कॉर्ट्सने ती राजदूत 350 म्हणून आपल्याकडे आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गियर. मूळ गाडी 39 हॉर्सपॉवरची होती. आपल्याकडे हिच्या दोन आवृत्त्या निघाल्या: हाय टॉर्क साडेतीस हॉर्सपॉवरची आणि नंतरची लो टॉर्क 27 ची. पुढची डिस्क जाऊन ड्रम आला. तरीही बुलेट आणि येझदीच्या त्या दिवसांत रस्त्यावर हिच्यापुढे कोण टिकणार! महाग होती, पेट्रोल प्यायची, त्यामुळे ते दशक संपता संपता बंद पडली.

माझी लो टॉर्क. नौपाड्यातल्या एका निवृत्त काकांकडून घेतली. आरसी बुक उघडून चासी नंबर आणि इंजिन नंबर अक्षर अन् अक्षर जुळवून पाहिले, मगच किंमतीचं बोलणं काढलं. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. निघताना काका म्हणाले, "ब्रेक आधी बघा हो. ही पळते तेवढी थांबत नाही."

आता इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, येतं, तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असणं हीच सगळ्याची मुळाक्षरं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी सील असतं आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ते कडक होऊन जातं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं, गेलं तर इंजिन गियर ऑइल ओढतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि गियर ऑइल कमी होत राहतं. डावीकडचं, जनरेटरच्या बाजूचं, गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. हे जास्त वाईट, कारण धूर दिसत नाही. मिश्रण पातळ होतं, गाडी सुरुवातीला उलट जोरात पळते, मग पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. लोक मग पिस्टनला, ऑइलला, मेकॅनिकला दोष देतात.

तपासायची सोपी रीत आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही सिलिंडरची तोंडं रबराने बंद करायची आणि आत साधारण 6 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची. सहा मिनिटांत दाब मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. यासाठी मी घरातलं जुनं बीपीचं यंत्र वापरलं. त्याचा काटा 300 पर्यंत जातो आणि 300 मिमी पारा म्हणजे सहा पीएसआयला थोडंच कमी. दोन सिलिंडरच्या मध्ये जे सील आहे ते लॅबिरिंथ पद्धतीचं, म्हणजे खाचांचं आहे, रबराचं नाही. हवा त्यातून पलीकडे जाते, म्हणून दोन्ही बाजू एकदमच बंद कराव्या लागतात. माझ्या गाडीत काटा डोळ्यांदेखत खाली आला. साबणाचं पाणी लावलं तर डाव्या सीलाभोवती बुडबुडे.

हिचं क्रँककेस आडवं उघडतं, वरचा भाग आणि खालचा भाग, त्यामुळे क्रँक बाहेर काढणं त्या मानाने सरळ आहे. तो घेऊन मी वागळे इस्टेटमध्ये गेलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये अजूनही लेथवर उभं आयुष्य काढलेले कारागीर आहेत, आणि ठाणेकरांनी याची किंमत ओळखावी असं मला मनापासून वाटतं. लेथवाल्या काकांनी क्रँक दोन टोकांवर धरला, डायल लावला आणि हळूहळू फिरवला. "बेअरिंग गेलंय, आणि क्रँक पण जरा वाकडा आहे. दाबून बसवायला लागेल. घाई असेल तर दुसरीकडे जा, बाळा." घाई नव्हती. प्रेसवर उघडून, नवी बेअरिंग घालून, तांब्याच्या हातोड्याने ठोकत त्यांनी तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरळ केला. मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. त्याच फेरीत सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या.

सीलं मी विटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, घेतली. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओलावा धरतं आणि जुनी रबरं फुगवतं. कार्बोरेटरमधली रबरं आणि पेट्रोलचा पाइपही म्हणूनच बदलला. टाकी आतून गंजलेली होती, ती सायट्रिक ॲसिडने धुतली आणि पाणी काढल्याबरोबर सुकवून आतून ऑइल फिरवलं, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो. गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी.

ऑटोल्यूबबद्दल मी हट्टी आहे. इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे ऑइल सोडणारा हा पंप कित्येक गाड्यांतून काढून टाकलेला असतो आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत बसतात. पंप चांगला असेल तर काढू नका. फक्त पाइपमधली हवा पूर्ण बाहेर काढा आणि केबल खुणेवर जुळवा. प्लगची ठिणगी ज्यांच्या उघडण्यावर पडते ते पॉइंट दोन्ही सिलिंडरचे वेगळे, म्हणून ठिणगीचं टायमिंगही दोनदा लावायचं. प्लगच्या जागी डायल गेज बसवून पिस्टन वरच्या टोकाच्या सुमारे 2 मिमी आधी असताना पॉइंट उघडायला हवेत. कानाने टायमिंग लावणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

ब्रेकबद्दलचे नौपाड्यातल्या काकांचे शब्द लक्षात होते. पुढच्या ड्रममध्ये दोन लीडिंग शू, म्हणजे आतून ड्रमवर दाबून चाक थांबवणारे तुकडे, आहेत आणि त्यांना जोडणारी एक दांडी आहे. नवे लायनर चढवून ते ड्रमच्या मापाने लेथवर फिरवून घेतले आणि दांडी अशी लावली की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. एवढ्याने फरक पडतो. डिस्क बसवायचा सल्ला अनेकांनी दिला, पण मला गाडी होती तशी हवी होती.

कागदांचं काम संयमाचं. नंबर एमएच येण्याआधीचा, तीन अक्षरी. असा नंबर संगणकात नसेल तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुना तपशील संगणकात चढवणं, मग पर्यावरण कर, तपासणी आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. 2021 च्या नियमांत ज्याला व्हिंटेज म्हटलंय ती गाडी 50 वर्षांपुढची, आणि ती रोज रस्त्यावर चालवताही येत नाही. आपल्या ऐंशीच्या दशकातल्या गाड्या त्यात बसत नाहीत ते बरंच आहे. पीयूसीची धास्ती घेऊ नका. 2000 च्या मार्चआधीच्या टू-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएमपर्यंत चालतं. कार्बोरेटर नीट असेल तर होतं.

नव्या पिस्टनला आधी सांभाळून घेतलं, थ्रॉटल अर्ध्याच्या वर नाही. घोडबंदर रोडला, माजिवडा ते गायमुख, मी ती नेत नाही. इंजिन वाऱ्यावर थंड होणारं, ट्रकच्या रांगेत तापतं आणि प्लग काळे होतात. पहाटे कल्याण, मुरबाड करत माळशेजचा रस्ता धरतो. टोकावड्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो, आरपीएमचा काटा साडेपाच-सहा हजारांवर जातो आणि दोन्ही सायलेन्सरचा आवाज एकात मिसळतो. त्या क्षणी गाडी पुढे उसळते. तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिलेला नाही.

परवा घाटातून आल्यावर प्लग काढून पाहिले. डावा विटकरी, हवा तसा. उजवा थोडा काळपट. दोन कार्बोरेटरच्या स्लाइड एकदम उचलत नसाव्यात, म्हणून रविवारी केबल जुळवायला घेतोय.