नखीचं माप

दुपारी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. तार जरा जोरात खेचली गेली आणि मधल्या बोटातली, तार छेडायची नखी सुटून पलंगाखाली गेली. हवाइयन गिटारवाल्यांची पंचाईत अशी की डाव्या हातात तारांवर सरकवायचा पोलादी बार, उजव्या अंगठ्यात प्लास्टिकची नखी, तर्जनीत पत्र्याची. शोधायचं कशानं? म्हणजे सगळं उतरवा, झाडू घेऊन पलंगाखालून ती बाहेर ओढा, आणि पुन्हा सगळं चढवा. चढवायचा एक क्रम असतो: आधी मधलं बोट, मग तर्जनी, अंगठा शेवटी. का, ते विचारू नका. काका तसंच करायचे.

नख्या चढल्या की माणूस निकामी होतो. नाकावर डास बसला तर तो उठेपर्यंत वाट बघावी लागते. दाराची बेल वाजली तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उठावं लागतं, आणि तेवढ्यासाठी आपण वाजवतो की काय, असा संशय आमच्या घरात बोलून दाखवला गेला आहे.

बाकी मी उदार आहे. गिटार कुणीही मागावी, देईन. बारही देईन. नख्या मात्र नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलाने मागितल्या, तर मी सरळ नाही म्हटलं, आणि त्याच्या आईला ते आवडलं नाही. पण नखी दुकानातून आणल्यावर नुसता कापलेला पत्रा असते. तिचे दोन कान वाकवून वाकवून आपल्या बोटाभोवती बसवायचे. सैल राहिले तर नखी गरगर फिरते, घट्ट झाले तर बोटाचं टोक जांभळं पडतं, आणि यांच्या मधली जागा इतकी चिंचोळी की ती सापडायला महिने जातात. पात्याचा बाकही ज्याचा त्याचा. कुणाला सरळ लागतं, कुणाला बोटाच्या गोलाईबरोबर वर वळलेलं. पक्कड लावताना मध्ये फडकं घ्यायचं, नाहीतर पत्र्यावर चरे उठतात आणि जाड तारेवर खरखर येते. एवढं सगळं केल्यावर ती दुसऱ्याच्या बोटात घालायची, आणि त्याने ‘जरा टोचतंय’ म्हणत दाबून बघायची? छे.

सरोदियांचा हेवा वाटतो. तार छेडायला नारळाच्या करवंटीचा तुकडा, त्यांचा जवा, चिमटीत धरला, झालं. काबरा साहेबांचंही मला नेहमी नवल वाटतं. ब्रिजभूषण काबरा गिटारवाले, पण शिकले सरोदवाल्या अली अकबर खाँसाहेबांकडे. गुरूच्या चिमटीत जवा, शिष्याच्या मांडीवर गिटार. सतारवाल्यांची तारेची नखी एकाच बोटात असते हे खरं, पण ती चावते. आपल्याकडे शास्त्रीय वाजवणारे काही जण गिटारवरही तीच तारेची नखी घालतात. मी घालून बघितली, आणि परत पत्र्यावर आले.

पत्रा म्हणजे भुसावळ. काका रेल्वेत होते. रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून ते गिटार शिकले, आणि संध्याकाळी ड्युटी नसली की अंगणात खाटेवर बसून सिनेमाची गाणी वाजवायचे. तेव्हा रेडिओवर कार्यक्रमांच्या मधल्या फटी याच आवाजाने बुजवलेल्या असायच्या. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली. गाणं ओळखू यायचं आणि शब्द आपण मनात म्हणायचे. काका प्रत्येक वेळी मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, “अंगठा बघ, अंगठा.” रेडिओत अंगठा कसा बघायचा, हे आम्हा पोरांना कधीच कळलं नाही.

मेच्या सुट्टीत आम्ही तिकडे असायचो. दुपारी मोठी माणसं ओल्या पडद्यांमागे झोपली की आम्ही काकांच्या पानाच्या डब्यातल्या नख्या काढायचो. नखी खरं तर बोटाच्या मांसल बाजूला येते, पण लहान मुलाला ते पटत नाही. तिच्या नावातच नख आहे, ती नखावरच बसणार. सगळ्या नख्या अशा उलट्या चढवून मी उंबरठ्यावर बसायचे आणि धाकट्या भावाला मांडीवर आडवा घ्यायचे. मी नरसिंह, तो हिरण्यकश्यपू. एकदा त्याच्या पोटावर खरोखरच ओरखडे उठले. त्याने भोकाड पसरलं, काका उठून आले, पोट बघण्याआधी त्यांनी नख्या बघितल्या. मग संध्याकाळी ते स्वतः वाजवायला बसले तेव्हा भाऊ लांबून म्हणाला, “काका पण नरसिंहच.” खरंच होतं ते. मांडीवर आडवं घेतलेलं ते लाकडी धूड, वर नखं, आणि चेहऱ्यावर तोच ध्यास.

काकूचा राग अंगठ्याच्या नखीवर. प्लास्टिकची असल्यामुळे ती गरम पाण्यात मऊ करून वळवावी लागते. दिव्यावर धरायची सोय नाही, जुन्या सेल्युलॉइडच्या तर भसकन पेटतात. आणि काकांना गरम पाणी दिसायचं ते नेमकं चहाच्या आधणात. चिमट्यात धरून ते नखी बुडवायचे, बाहेर काढून लाटण्याच्या बारीक मुठीवर दाबायचे, मग माठातल्या गार पाण्याखाली. “अहो, चहाला सेल्युलॉइडचा वास येतो!” “आलं घाल जास्त.” दर उन्हाळ्यात हा संवाद व्हायचा, कारण भुसावळच्या उन्हात बोटं फुगतात आणि घामाने नख्या घसरतात. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या आणि थंडीच्या नख्या वेगळ्या होत्या. घसरू नयेत म्हणून व्हायोलिनवाल्यांची राळ चिमूटभर बोटाला चोळायचे.

नख्या कलकत्त्याहून यायच्या. हावडा मेलचे गार्ड एकमेकांच्या हाती देत देत ती पुडी भुसावळला पोचवायचे. ते वाद्यही साधारण त्याच वाटेने आपल्याकडे आलं असं काका सांगायचे. ताऊ मो नावाचे एक हवाईचे वादक युद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले होते, आणि कलकत्त्याला या गिटारचं वेड लागण्यात त्यांचा मोठा हात. पण काकांची खरी आवडती गोष्ट त्याआधीची होती. हवाईतल्या ओआहू बेटावर लाईए गावचा जोसेफ केकुकू नावाचा मुलगा १८८९ च्या सुमारास गिटार घेऊन रुळांवरून चालला होता. त्याला एक बोल्ट सापडला, तो त्याने तारांवर घासला, आणि हा आवाज जन्माला आला. दंतकथाच ती. काही जण बोल्टच्या जागी कंगवा सांगतात, काही जण चाकू. काकांना कंगवा मुळीच मान्य नव्हता. “रेल्वेचा बोल्ट,” ते बजावून सांगायचे, जणू त्यांच्याच स्टोअरमधून गेला होता. आम्ही केकुकू केकुकू करत कोंबड्यासारखे अंगणभर पळायचो.

काकांच्या नख्या आता माझ्याकडे आहेत. निवृत्तीनंतर त्यांना संधिवाताने गाठलं. पेरं सुजली, आणि पुढच्या दर थंडीत ते पक्कड घेऊन कान थोडे उघडत गेले. आता ते कान इतके फाकलेत की माझ्या बोटात त्या राहत नाहीत. एक तर अंगठ्यातही जाईल. सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या, अशा सगळ्या ओळीने मांडल्या तर त्यांची बोटं कशी जाड होत गेली ते दिसतं. वाजवणं त्यांनी कधी थांबवलं, तेही त्यातून कळतं. त्या मी दाबून माझ्या मापाच्या करून घेतलेल्या नाहीत. भावनेबिवनेने नव्हे. हा पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला की कानाशी कडक होतो आणि तुटतो.

परवा अंगठ्याची नवी नखी घ्यायला गेले. अलीकडे जुनी घट्ट होते, उतरवल्यावर बराच वेळ वळ राहतो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “मीडियम की लार्ज?” मी आयुष्यभर मीडियमवाली. घालून दाखवली तर तो वाकून बघत म्हणाला, “मॅडम, सांधा सुजलाय तुमचा. आधी डॉक्टरला दाखवा.”

“दाखवते,” मी म्हटलं. “आधी लार्ज दे.”